झोपलं की बरं वाटणारी बिमारी

आनंदाबाईच्या बिमारीचं निदान सेवाग्रामच्या दवाखान्यात व्हायच्या खूप आधी तिच्या घरीच झालं होतं. ते केलं तिच्या नवऱ्यानं, चंद्रभाननं, आणि त्याला मंजुरी दिली सासूनं, भागीरथाबाईनं. निदान अगदी सोपं होतं. आळस.

पुरावाही भक्कम होता. आनंदाबाई खाटेवर आडवी झाली की तिची धाप थांबे, तोंडावर रंग येई, दोन शब्द बोलायची ताकद येई. आणि उठून झाडू हातात घेतला, की चक्कर. गोठ्यात वाकून शेणाची पाटी उचलली, की धाप. चुलीपुढून ताठ उभी राहिली, की डोळ्यांपुढे अंधार, मग भिंतीला हात, मग खाली बसणं. बरं, ताप नाही म्हणावं तर तोही अधूनमधून बारीक येई, आणि लुगडं कमरेवर थांबेना इतकी ती वाळली होती. पण या गोष्टी निदानात बसत नसल्यामुळे घरानं त्या सोडून दिल्या होत्या.

"काम सांगतलं का चक्कर, अन् खाट टाकली का बरी," भागीरथाबाई आल्यागेल्याला सांगे. "अशी बिमारी देवानं मलेही द्यावी होती. पण माह्या नशिबात कुठची."

देवळीला लागून त्यांचं गाव. कापूस आणि सोयाबीनची बरी शेती, विहिरीवर मोटरपंप, घरात आदेश आणि अंकिता ही दोन शाळकरी मुलं. चंद्रभान हा जाणता माणूस. फार पूर्वी त्यानं एका मामाला हर्नियाच्या ऑपरेशनसाठी नागपूरला नेलं होतं, तेव्हापासून माणसाच्या शरीराचं सगळं खातं गावानं न देताच त्यानं आपल्याकडे घेतलं होतं. देवळीच्या पानठेल्यावर तो साखरेपासून संधिवातापर्यंत सगळ्यांवर बोले. तालुक्यातल्या दोन डॉक्टरांशी आपली चांगली ओळख आहे असं तो सांगे. ते दोघे मात्र त्याला ओळखत नसत.

सगळ्यात वाईट हे, की हळूहळू आनंदाबाईलाही हे निदान पटायला लागलं होतं. गोठ्यात भिंतीला टेकून बसली की ती स्वतःलाच म्हणे, ऊठ, काय झालं तुले, बाया बाळंतपणातून उठून निंदायला जातात. उठायची. पुन्हा बसायची. कोणी पाहिलं तर नाही ना, म्हणून दाराकडे बघायची.

शहाण्णव सालच्या दिवाळीनंतर चंद्रभाननं तिला एका डॉक्टरकडे नेलं. त्यांनी कमजोरी सांगितली आणि सलाईन लावली. दोन तास बाई निवांत पडून राहिली आणि उठायच्या आधीच म्हणाली, "बरं वाटून राह्यलं." सलाईनचा गुण पाहून चंद्रभान खूश झाला. घरी येईपर्यंत बाईला पुन्हा धाप लागली, पण तो गुण सलाईनचा नसून पडून राहण्याचा होता, हे सुचायला जरा जास्त हुशारी लागते.

मग वर्ध्याच्या एका डॉक्टरनं छातीला नळी लावली आणि झडप खराब असल्याचं सांगितलं. दर थोड्या आठवड्यांनी कमरेत एक दुखरं इंजेक्शन सुरू झालं. झडपेला तो डॉक्टर वॉल्व्ह म्हणाला, आणि चंद्रभानला हा शब्द विहिरीवर रोज भेटत असल्यामुळे त्याचा भाव एकदम वाढला.

"आपल्या पंपाचा फूटवॉल असते नं, तसंच," पानठेल्यावर तो सांगे. "कचरा अटकला का पाणी चढत नाई. एवढंच."

ही उपमा खरी किती आहे हे त्याला माहीत नव्हतं. घरात मात्र आळस हे निदान कायम राहिलं, झडप त्याच्या जोडीला आली.

संक्रांतीनंतरच्या हळदीकुंकवाला आनंदाबाई शेजारच्या शोभाबाईकडे गेली होती. वाण घेतलं, उठली आणि उभ्या उभ्या खाली कोसळली. डोळे उघडले तेव्हा उजवा हात लोंबत होता. काही सांगायला गेली तर जिभेवर भलतेच शब्द. शोभाबाई विधवा बाई, घरात कोणाला विचारायची तिला सवय राहिली नव्हती. तिनं चंद्रभानची वाट पाहिली नाही. रस्त्यावरची जीप थांबवली, मागच्या सीटवर आनंदाबाईला आडवं टाकलं आणि सरळ सेवाग्राम गाठलं.

वाटेतच हातात थोडा जीव आला. दवाखान्यात खाटेवर घेईपर्यंत बोलणंही सुधारलं. मागून मोटरसायकलवर चंद्रभान पोचला. त्यानं बायकोला हात हलवताना पाहिलं आणि म्हणाला, "पाहा, झाली बरी. चला आता घरी, बैलं उपाशी हायत."

"बैलांना थोडं थांबू द्या," तिथली डॉक्टरीण म्हणाली.

तिला सगळे रक्षा मॅडम म्हणत. वयानं लहान, चेहऱ्यावर जागरण. खुर्ची ओढून ती आनंदाबाईच्या जवळ बसली आणि तिनं असा प्रश्न विचारला, जो आजवर ना सलाईनवाल्यानं विचारला होता ना झडपवाल्यानं.

"बाई, त्रास कधी जास्त होतो? काय करताना?"

आनंदाबाईनं नवऱ्याकडे पाहिलं. मग पदराशी बोलावं तसं बोलली. "हसान तुमी."

"नाही हसणार."

"उठली का जीव जाते. निजली का बरं वाटते."

चंद्रभाननं दोन्ही हात पसरले, जणू साक्षीदार शेवटी खरं बोलला. "मी हेच म्हणून राह्यलो होतो, मॅडम. तीन वर्षांपासून."

रक्षा मॅडमनं त्याच्याकडे पाहिलंही नाही. तिनं आनंदाबाईला निजवून छाती ऐकली. मग उठवून बसवून ऐकली. पुन्हा निजवलं, पुन्हा बसवलं. चौथ्या वेळी तिच्या चेहऱ्यावरचं जागरण गेलं होतं. "आत्ताच्या आत्ता इको करू," ती म्हणाली.

इकोची खोली अंधारी आणि थंड होती. आनंदाबाईला डाव्या कुशीवर निजवलं, छातीला गारगार चिकट लेप लावला आणि त्यावरून एक गुळगुळीत दांडकं फिरायला लागलं. समोरच्या पडद्यावर करडं काहीतरी हलत होतं. रक्षा मॅडम एकदम गप्प झाली. मग तिनं तिच्या मोठ्या सरांना बोलावलं. तेही गप्प झाले. चंद्रभान दारात उभा होता, तो मात्र गप्प झाला नाही. "फूटवॉल दिसून राह्यला का?" त्यानं विचारलं.

रक्षा मॅडमनं पडदा आनंदाबाईकडे वळवला.

"हे तुमचं हृदय. हा डाव्या बाजूचा वरचा कप्पा, ही झडप, म्हणजे दार समजा. आणि हे इथं असायला नको ते."

कापसाच्या मोठ्या बोंडाएवढं काहीतरी देठाला लोंबत होतं. प्रत्येक ठोक्याला ते खाली दारात उतरायचं, दार जवळजवळ भरून टाकायचं आणि पुन्हा वर जायचं. आनंदाबाई बघत राहिली. मॅडमनं तिला हळूच उठवून बसवलं, दांडकं छातीवरच धरून. आता ते बोंड दारातच बसलं, जेमतेम हललं. आनंदाबाईच्या डोळ्यांपुढे नेहमीचा अंधार यायला लागला, आणि अंधार यायच्या आत तो कुठून येतो हे तिनं पाहिलं. इतकी वर्षं घरात ज्याला आळस म्हणत होते, तो तिला टीव्हीवर दिसला.

"निजलं की गाठ मागं पडते, रक्ताला वाट मिळते," मॅडम तिला पुन्हा आडवं करत म्हणाली. "उठलं की दारात येते. म्हणून झोपल्यावर तुम्हाला बरं वाटायचं. तुमचं बरोबर होतं."

"म्हणजे," चंद्रभान दारातून म्हणाला, "हा आळस नोय?"

"आळस इकोत दिसत नाही, काका. दिसत असता तर आम्हाला मशिनी पुरल्या नसत्या."

सरांनी मग त्याला नीट समजावलं. कॅन्सर नाही. पण गाठ ठिसूळ आहे, तिचाच बारीक तुकडा सुटून मेंदूकडे गेला होता म्हणून हात लोंबला. पुढचा तुकडा मोठा असू शकतो. आठवड्याच्या आत नागपूरला ऑपरेशन करून काढायची. आणि हो, ही गाठ फार दुर्मिळ. इंग्रजीत ते रेअर म्हणाले.

हा शब्द चंद्रभानच्या कानातून थेट मणक्यात गेला आणि तो ताठ झाला. गावात साखरवाले होते, बीपीवाले होते, एक किडनीवाला होता आणि तो फार मिजास करायचा. रेअर कोणीच नव्हतं.

घरी बातमी कळल्यावर भागीरथाबाईनं आधी सुपातली डाळ निवडून संपवली. मग म्हणाली, "एवढी मोठी बिमारी पोटात ठेवली बाईनं, अन् कोणाले सांगतलं म्हणून नाई."

नागपूरच्या सर्जनला दाखवण्यासाठी दवाखान्यानं इकोची एक व्हिडिओ कॅसेट दिली होती. सांभाळून न्यायला सांगितली होती. चंद्रभाननं ती सांभाळली म्हणजे त्याच दिवशी देवळीहून भाड्यानं व्हीसीआर आणि रंगीत टीव्ही आणला. चित्र करडं होतं, पण टीव्ही रंगीतच हवा असा त्याचा आग्रह होता. अंगणात सतरंज्या पडल्या. आदेशनं तोंड पाडून वायरी जोडल्या. गाव जमलं.

"हे पाहा दार," चंद्रभान तुरीची काडी पडद्यावर ठेवून सांगत होता. "हे गाठ. आता पाहा, आली. गेली. आली. गेली."

"काईच तं दिसून नाई राह्यलं," मागून कोणी म्हणालं. "अँटेना फिरवून पाहा."

"अँटेनाचं नाई बाप्पा, हे काळीज हाय."

"मंग कोणी येत कसं नाई त्याच्यात?"

कॅसेटवर ठोक्यांचा आवाजही होता. टीव्हीसोबत आलेल्या माणसानं लग्नातल्या सवयीनं तो पूर्ण सोडला. आतल्या खोलीत निजलेल्या आनंदाबाईला आपलंच काळीज भिंतीपलीकडून धडधडताना ऐकू येत होतं, आणि गाव त्यावर आपापलं मत देत होतं. शेवटी तिनं अंकिताला हाक मारली. "बाबाले सांग, आवाज कमी करा म्हणा. मले झोपाचं हाय."

दुसऱ्या दिवशी जामहून तानबाजी आले. लांबचे नातेवाईक, हायवेच्या चौकात टायरचं दुकान. त्यांनी एका रात्रीसाठी कॅसेट मागून नेली आणि नागपूरला निघायच्या सकाळी परत आणून दिली. नागपूरला सर्जननं ती लावली. एक मिनिटभर आनंदाबाईचं हृदय दिसलं. त्यानंतर एक बाळ, एक पाळणा आणि तो हलवणाऱ्या पुष्कळ बाया दिसल्या.

"हे कोण?" सर्जननं विचारलं.

"आमच्या तानबाजीचा नातू असन," चंद्रभान म्हणाला. "बारसं दिसून राह्यलं."

सर्जननं कॅसेट बाहेर काढून परत दिली. नागपूरला ते स्वतःचा इको करणारच होते, तो केला आणि ऑपरेशनही केलं. निघालेली गाठ बरणीत घालून चंद्रभानला दाखवली. लालसर, लिबलिबीत, चिंचोक्यांचा गोळा भिजून फुगावा तशी. ती घरी नेता येईल का असं त्यानं विचारलं. नाही म्हटल्यावर त्याला वाईट वाटलं, आनंदाबाई अजून शुद्धीवर यायची होती त्याहून थोडं जास्त.

तीन महिने आराम सांगितला होता. घरानं तो मनापासून पाळला, म्हणजे शोभाबाईनं करून दिलेल्या पोळ्या संपेपर्यंत. पण खरी गोष्ट अशी, की आनंदाबाई उठली तेव्हा तिला काहीच झालं नाही. चक्कर नाही, अंधार नाही. गोठ्यात वाकली, पाटी उचलली, ताठ उभी राहिली आणि तशीच उभी राहून रडली. कोणी पाहिलं तर नाही ना, म्हणून या वेळी तिनं दाराकडे बघितलं नाही.

आनंदाचा हा काळ फार टिकला नाही. गाठीबरोबर तिची खाटही गेली. आता ती घरातली एकमेव बाई होती जिला नागपूरच्या डॉक्टरांनी लिहून ठणठणीत ठरवलं होतं. दुपारी खरोखरचे पाय दुखून जरा टेकली, तरी भागीरथाबाईचा प्रश्न तयार असे. "आता काय झालं? गाठ तं काढली नं?"

दरवर्षी सेवाग्रामला इको करून घ्यायचा असं रक्षा मॅडमनं बजावलं होतं, गाठ परत येते का ते पाहायला. पहिल्या वर्षी चंद्रभान सोबत गेला. दुसऱ्या वर्षी त्याचं पानठेल्यावर काम निघालं. मग आनंदाबाई एकटीच बसनं जायला लागली. तिला तो दिवस आवडे. अंधाऱ्या खोलीत डाव्या कुशीवर निजायचं, डॉक्टरांच्या हुकमानं. तिथे कोणी हाक मारू शकत नसे. मॅडम म्हणायची, साफ आहे, आणि ती उगाच आणखी थोडा वेळ पडून राहायची.

"बरी हायस तं काऊन जातं दरसाली?" चंद्रभान विचारे.

"बरी हाय का नाई ते पाहाले," ती म्हणे.

दोन हजार तीनच्या हिवाळ्यात रक्षा मॅडमनं दांडकं एकाच जागी बराच वेळ धरून ठेवलं. आता ती मोठी डॉक्टर झाली होती, केसांत एक पांढरी बट आली होती. मशीन नवी होती, पडद्यावर रक्त लाल-निळं वाहताना दिसे. जुन्याच जागेशेजारी हरभऱ्याच्या दाण्याएवढं काहीतरी होतं. तिनं थोड्या महिन्यांनी पुन्हा बोलावलं. पुन्हा पाहिलं तेव्हा हरभऱ्याचं बोर झालं होतं.

"परत आली आहे," मॅडमनं सरळ सांगितलं. "लहान आहे. तुम्हाला त्रास व्हायच्या आधी सापडली, हे चांगलं झालं. काढावी लागेल. आणि एक सांगते, अशी गाठ परत आली तर कधीकधी ती रक्तात असते, घराण्यात चालत येते. दोन्ही मुलांचा इको करा. आदेशचाही आणि अंकिताचाही."

आनंदाबाईनं घरी येऊन सांगितलं. या वेळी तिला धाप नव्हती, चक्कर नव्हती, दोन्ही वेळचा स्वयंपाक करून वर ती गव्हाच्या मळणीवर जात होती. त्यामुळे घराला नवं निदान करावं लागलं.

"मशीनची चूक असन," चंद्रभान म्हणाला. "नवीन आणली म्हणते नं? नवीन मशीन पयल्या साली असंच करते."

"चालते, फिरते, भाकरी थापते," भागीरथाबाई म्हणाली. "अशी कशी बिमार?"

म्हणजे पूर्वी ती बिमार होती तेव्हा तिला काही झालं नव्हतं, आणि आता डॉक्टरांना गाठ दिसत होती तरी तिला काही झालेलं नव्हतं. या घरात बिमार पडायचं तर नेमकं कसं, हे आनंदाबाईला कळेना.

मुलांचं मात्र चंद्रभाननं अर्धं ऐकलं. आदेशला तो स्वतः घेऊन गेला, मोटरसायकलवर, नवा शर्ट घालून. आदेशचं सगळं साफ निघालं. चंद्रभाननं देवळीत पेढे वाटले.

"अंकिताचं कधी?" आनंदाबाईनं विचारलं.

"तिचं कायले?"

"मॅडमनं दोघांचं सांगतलं."

चंद्रभाननं आवाज खाली आणला. तानबाजीच्या गुलाबसाठी अंकिताची बोलणी सुरू होती. पोरगा टायरच्या दुकानात बसत होता, हायवेला दुसरं दुकान निघत होतं. "पोरीच्या छातीवर मशीन फिरवली हे जामले कळलं तं? कोण करीन तिच्यासंग लग्न? अन् मशीननं काई दाखवलं मंग?"

"दाखवलं तं काढता येते. नाई दाखवलं तं माह्यासारखी भिंतीले टेकत बसन. अन् तिची सासू काय म्हणन, ते मले ठाऊक हाय."

चंद्रभाननं पायात चपला घातल्या.

"मी नागपूरले येत नाई," आनंदाबाई म्हणाली. आवाज तिचा नेहमीचाच होता, भाजीत मीठ कमी आहे म्हणावं तसा. "अंकिताचं झाल्याबिगर ऑपरेशनच्या टेबलावर मी चढत नाई."

"अन् गाठ?"

"राहू द्या तिले. मले तं काईच झालं नाई, तुमीच म्हणून राह्यले."

दोन दिवस दोघांपैकी कोणी माघार घेईना. कोंडी फोडली ती भागीरथाबाईनं. तिनं आपल्या परीनं सगळा विचार केला होता. "घेऊन जा रे पोट्टीले," ती मुलाला म्हणाली. "हे अशीच मेली तं मले भाकर कोण देईन? तू?" चंद्रभाननं आयुष्यात भाकर केली नव्हती. तो गेला.

अंकिता वीस वर्षांची, वर्ध्याला कॉलेजात होती. टेबलावर ती डोळे मिटून पडली. आनंदाबाई पायाशी उभी राहून पडद्याकडे बघत होती. आता तिला दार ओळखू येत होतं. दार उघडत होतं, मिटत होतं, उघडत होतं. मध्ये काही नव्हतं. तरी मॅडम बोलेपर्यंत तिनं श्वास सोडला नाही.

"साफ आहे," मॅडम म्हणाली. "पण दरवर्षी यायचं. पुढची बरीच वर्षं. लग्न झालं तरी."

बाहेर आल्यावर चंद्रभान म्हणाला, "हे आपल्या घरातच राह्यलं पाह्यजे."

पुढच्या रविवारी तानबाजी गुलाबला घेऊन आले. चहा झाला, पावसापाण्याचं झालं, दुसऱ्या दुकानाचं झालं. मग तानबाजींनी घसा साफ केला. "एक विचारू का, चंद्रभानजी? थे वयनीच्या काळजाची गाठ. पोरीले तं नाई नं तसं काई?"

"नाई, नाई," चंद्रभान म्हणाला. "कोणी सांगतलं तुमाले गाठीचं?"

तानबाजी बुचकळ्यात पडले. "तुमीच तं कॅसेट देल्ली होती. आमच्या चौकात पन्नास लोकायनं पाह्यली."

चंद्रभान बशीतला चहा निरखायला लागला. आनंदाबाई स्वयंपाकघरातून बाहेर आली, पदराला हात पुसत.

"मी सांगते भाऊजी. माही गाठ परत आली हाय, पुढच्या महिन्यात काढाची हाय. अंकिताचं इको केलं, साफ निघालं. पण रक्तात असू शकते म्हणते डॉक्टर, म्हणून तिले दरसाली पाहा लागन. लग्न झालं तरी जाईन थे. ज्याले चालत नसन, त्यानं आताच सांगतलेलं बरं."

तानबाजी म्हणाले, कळवतो. गुलाब आपल्या बुटांकडे बघत होता. दोघांनी उरलेला चहा प्यायला, चिवडाही संपवला आणि गेले. कळवलं नाही. चंद्रभान आठवडाभर बायकोशी बोलला नाही, आणि ती म्हणते की तो आठवडा फार शांत गेला.

दुसरं ऑपरेशन नीट पार पडलं. या वेळी सर्जननं आजूबाजूचा भागही खरवडून काढला. तीन महिन्यांचा आराम आनंदाबाईनं पूर्ण घेतला, एक दिवसही कमी नाही. अंकिता कॉलेजातून येऊन भाकरी थापायची आणि आदेशला कणीक मळायला बसवायची. त्यानं मळलेल्या कणकेबद्दल भागीरथाबाईचं पुष्कळ म्हणणं होतं, पण ती जेवत होती.

याच सुमारास चंद्रभानच्या छातीत दुखायला लागलं. घरात तीन माणसांचे इको झाले आणि आपला नाही, हे त्याला लागलं असावं. रक्षा मॅडमनं सांगितलं की काका, तुमचं आनंदाबाईंशी रक्ताचं नातं नाही, तुम्हाला गरज नाही. त्यानं वर्ध्याला जाऊन करवून घेतला.

"साफ," तिथल्या डॉक्टरनं सांगितलं. "गॅस आहे."

"म्हणजे काईच नाई?" चंद्रभाननं दोनदा विचारलं. "नीट पाह्यलं का?" पानठेल्यावर त्यानं हा विषय पुढे नेला नाही.

अंकिताला आणखी दोन स्थळं आली आणि चहा पिऊन गेली. चंद्रभान प्रत्येक वेळी बायकोला म्हणे, तू गप्प राह्य, आणि ती प्रत्येक वेळी सांगे. दोन हजार सहाला समुद्रपूरकडचं एक घर आलं. मुलगा शाळेत शिक्षक, वडील नाहीत, आई प्रमिलाबाई. काळी, उंच, बोलायला कमी. आनंदाबाईनं तिला सगळं सांगितलं. झडप, गाठ, हरभरा, बोर, काहीच ठेवलं नाही. चंद्रभान छताकडे बघत होता.

प्रमिलाबाईनं ऐकून घेतलं. "दरसाली कोणत्या महिन्यात जा लागते?" तिनं विचारलं.

"जानेवारीत."

"मंग ठीक हाय. जानेवारीत आमची तूर निघाची रायते, पण एक दिवस जमन."

 आनंदाबाई आत गेली आणि चहात साखर टाकायची विसरून तसाच घेऊन आली. प्रमिलाबाईनं तो निमूटपणे प्यायला.

लग्न झालं. पुढच्या जानेवारीत आनंदाबाई देवळीहून सेवाग्रामला पोचली तेव्हा अंकिता आधीच येऊन बसली होती, आणि शेजारी मांडीवर डबा घेऊन प्रमिलाबाई.

"तुमी कायले आल्या?" आनंदाबाईनं विचारलं. "मी होती नं."

"पाहाले आली," प्रमिलाबाई म्हणाली. "घरच्या माणसाचं काळीज एकदा पाहून घेतलेलं बरं."

आधी आनंदाबाईचं झालं. साफ. मग अंकिताला हाक आली. आनंदाबाई उठली, तर प्रमिलाबाईही उठली. आत दोघींना जागा नव्हती, नर्सनं एकीलाच जायला सांगितलं. आनंदाबाई थोडी घुटमळली. मग म्हणाली, "जा तुमी. डाव्या हाताले पडदा हाय. दार दिसन, उघडझाक करन. मंधात काई नसलं पाह्यजे."

ती बाकावर बसून राहिली. समोरून स्ट्रेचर गेलं, एक म्हातारा नातवाला शिव्या देत गेला, कोणाची तरी चप्पल हरवली होती. बऱ्याच वेळानं दार उघडलं. प्रमिलाबाई बाहेर आली, मागून ओढणी सारखी करत अंकिता.

"काई नाई," प्रमिलाबाई म्हणाली. "उघडून राह्यलं, मिटून राह्यलं. मी चांगलं पाह्यलं." बाकावर बसून तिनं डबा उघडला आणि झाकणात तिघींच्या भाकरी वेगळ्या केल्या. "खा आता. साडेतीनची बस हाय माही."